बांधकामातील तंट्याची चाहूल



गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक घरधनी व त्याचे घर बांधणारा मेस्त्री असे दोघे आमच्या ओटीवर येऊन बसले. जोते पुरे झाले होते, चिऱ्यांच्या भिंती वाशांच्या उंचीपर्यंत आल्या होत्या, आणि काम दीड महिना बंद पडले होते. घरधन्याचे म्हणणे, मी ठरल्यापेक्षा अधिक पैसे मोजले. मेस्त्र्याचे म्हणणे, मी ठरल्यापेक्षा अधिक काम केले. दोघेही खरे बोलत होते. स्वयंपाकघर दोन फूट वाढवावे असे घरधन्याच्या आईने पाया खणतानाच सांगितले होते. मेस्त्र्याने मान डोलावली, 'मागाहून पाहू' असे उभयतांनी म्हटले, आणि त्या 'मागाहून'चा भाव कोणीच ठरविला नाही. तंटा आमच्याकडे आला तो पैशाचा म्हणून. परंतु त्याचा जन्म त्या मान डोलावण्यातच झाला होता.

मोठ्या इमारतींची कथा याहून निराळी नसते. आकडे तेवढे मोठे असतात. ऑस्ट्रेलियात सिडनी बंदराच्या काठी पांढऱ्या शिडांसारखी छपरे असलेले जे ऑपेरा हाऊस आहे, त्याचे चित्र आपणांपैकी पुष्कळांनी दिनदर्शिकेवर पाहिले असेल. १९५७ साली डेन्मार्कचे तरुण वास्तुविशारद योर्न उट्झोन यांचा आराखडा स्पर्धेतून निवडण्यात आला. अंदाज ३५ लाख ऑस्ट्रेलियन पौंडांचा, म्हणजे त्या देशाच्या पुढील चलनात ७० लाख डॉलरांचा होता, आणि इमारत १९६३ च्या जानेवारीत पुरी व्हावयाची होती. प्रत्यक्षात तिचे उद्घाटन २० ऑक्टोबर १९७३ रोजी झाले आणि खर्च १० कोटी २० लाख डॉलरांवर गेला.

हे असे का झाले? त्या प्रांताचे मुख्यमंत्री जोसेफ केहिल यांना भय वाटत होते की, विलंब झाला तर लोकमत फिरेल व पैसा मिळणार नाही. म्हणून २ मार्च १९५९ रोजी काम सुरू करण्यात आले. त्या दिवशी ती शिडे कोणत्या आकाराची व्हावयाची आणि त्यांचा भार कसा पेलावयाचा, हेच कोणास ठाऊक नव्हते! छपरे एकाच गोलाच्या तुकड्यांतून घडवावी ही युक्ती सुचली ती १९६१ साली. तोवर खालचा चौथरा उभा राहू लागला होता, आणि त्याचे खांब वरचा भार सोसण्यास अपुरे ठरून पुन्हा बांधावे लागले. १९६१ च्या जानेवारीतच काम ४७ आठवडे मागे पडले होते. पाऊस आडवा आला, जमिनीखालून जाणारे पावसाचे पाणी वळविणे कठीण गेले, हे सारे खरे. पण पुरेसे नकाशे हाती नसताना काम सुरू झाले आणि करारातील कागद मागाहून बदलले, ही कारणेही त्यांत होतीच.

१९६५ साली नवे सरकार आले. बांधकाममंत्री डेव्हिस ह्यूज हिशेब व नकाशे मागू लागले आणि त्यांनी उट्झोन यांचे पैसे रोखले. १९६६ च्या फेब्रुवारीत उट्झोन यांनी काम सोडले. ते देशही सोडून गेले, आणि पुरी झालेली आपली इमारत त्यांनी डोळ्यांनी कधीच पाहिली नाही. २००८ साली ते वारले. दोष सर्वस्वी उट्झोन यांचा, असे म्हणणारे आणि सर्वस्वी मंत्र्यांचा, असे म्हणणारे असे दोन पक्ष आजही आढळतात. आम्हांस मात्र १९५९ मधील ती घाईच अधिक दोषी वाटते. पैसे रोखले गेले तेव्हा जगाला भांडण दिसले. ज्याला पाहावयाचे होते त्याला ते सात वर्षे आधीच दिसले असते.

आता आपल्या गावाकडे वळू. येथे मंत्री नसतो व वास्तुविशारदही बहुधा नसतो, तरी चिन्हे तीच. नकाशा हाती येण्यापूर्वीच मुहूर्त गाठण्यासाठी पाया खणला जातो. मेस्त्री पहिल्याप्रमाणे रोज न येता पुतण्याला पाठवू लागतो. सहा गड्यांचे तीन होतात. सिमेंटचा दुकानदार मेस्त्र्याऐवजी घरधन्याकडे उधारीची चौकशी करतो. हे शेवटचे चिन्ह विशेष ध्यानी धरावे, कारण त्याचा अर्थ बहुधा असा की, तुमच्या घरासाठी दिलेली उचल दुसऱ्याच कोणाच्या स्लॅबमध्ये गेली आहे. चिन्हे घरधन्याच्या बाजूचीही असतात, हे आम्ही मुद्दाम सांगतो. मुंबईहून किंवा आखातातून मुलाचे पैसे आले नाहीत की तो कामात एकाएकी खोडी काढू लागतो. कालपर्यंत सरळ असलेला गिलावा आज वाकडा दिसू लागतो. शेजारचा शहाणा येऊन भाव सांगून जातो, आणि दुसऱ्या दिवशी बोलण्याचा सूर पालटतो. पूर्वी चहा पिता पिता जे ठरे, ते आता निरोप्याकरवी कळविले जाते.

अशा वेळी गप्प बसणे हा सौजन्याचा भाग आहे, असे आपल्या लोकांस वाटते. कायदा तसे मानीत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, मुदत हा जेथे कराराचा गाभाच असेल, तेथे मुदतीनंतरचे काम मुकाट्याने स्वीकारणाऱ्यास उशिराबद्दल भरपाई मागता येत नाही. भरपाईचा हक्क आपण सोडलेला नाही, हे त्याने स्वीकारतानाच कळवावे लागते. उलटपक्षी, फुकट करण्याचा हेतू नसताना कोणी केलेल्या रास्त कामाचा लाभ आपण घेतला, तर त्याचा मोबदला देणे ७० व्या कलमाने आपल्यावर येते. तेव्हा 'लिहिले कोठे आहे?' असे विचारून घरधन्याची सुटका होत नाही. मेस्त्र्यानेही निश्चिंत राहू नये. पैसे केव्हा द्यावयाचे हे ठरलेले नसेल, तर केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा लावण्यास १९६३ च्या मुदत कायद्याने काम झाल्यापासून तीन वर्षेच मिळतात.

याला वकील लागत नाही. दोन आण्यांची वही पूर्वी पुरत असे, आज दहा-वीस रुपयांची पुरेल. कोणत्या दिवशी किती गडी आले, किती पोती उतरली, उचल किती दिली, आणि वाढीव काम कोणी सांगितले, हे त्या त्या दिवशी लिहून उभयतांनी खाली सही करावी. सही मागताच समोरचा रागावला, तर तेही एक चिन्हच समजावे.

आमच्या ओटीवरील दोघांकडे अशी वही नव्हती. अखेर टेप आणून स्वयंपाकघर मोजले, दोन फुटांत किती चिरे गेले ते मेस्त्र्याने जागेवरच मोजून दाखविले, आणि घरधन्याने दिलेली उचल एकेक करून आठवली. त्यांतील दोन रकमा मेस्त्र्याला आठवेनात. त्याच्या बायकोला आठवल्या. उरलेली रक्कम दोघांनीही मान्य केली, आणि पावसापूर्वी कौले चढली. पुढच्या ओट्याचे काम मात्र त्यांनी त्याच बैठकीत कागदावर लिहून काढले, कारण आईने तोवर आणखी एक खिडकी मागितली होती.