दादरच्या आत भैरवी

मध्य रेल्वेच्या वेळापत्रकात भिवपुरी रोड हे स्टेशन नेरळ आणि कर्जत यांच्या मध्ये अंग चोरून उभे असते. पावसाळ्यात धबधब्याला येणारी पोरे इथे उतरतात, शनिवार-रविवारी फार्महाऊसवाले उतरतात. एरवी कर्जतला जाणारा प्रवासी खिडकीतून पाटी वाचतो आणि पुन्हा डोळे मिटतो. नावातला ‘रोड’ सांगतो की मूळ गाव इथून आत आहे. त्या गावाला ओळख मिळाली ती टाटांच्या वीजघरामुळे. १९२२ साली ते सुरू झाले. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी नळांतून खाली येते, जनित्रे फिरवते आणि पेज नदीतून पुढे उल्हास नदीला मिळते. शंभर वर्षे हा डोंगरपायथा मुंबईला वीज पुरवीत आला. मला लिहायचे आहे ते याच पट्ट्यातून रोज सकाळी मुंबईला जाणाऱ्या दुसऱ्या एका गोष्टीबद्दल. ती गोष्ट म्हणजे गाणे.

मुंबईतले स्नेही विचारतात, “अहो, तुम्ही एवढे गाण्यातले दर्दी, मग त्या रानात जाऊन राहिलात कसे?” गाणे दादर, पार्ले, गिरगावात असते, फार तर पुण्यात असते, आणि बाकीच्या महाराष्ट्राने ते रेडिओवर ऐकावे, अशी या मंडळींची समजूत. मैफलीचे मोल मला ठाऊक आहे. भीमसेन जोशींची संतवाणी मी समोर बसून ऐकली आहे, किशोरीताईंचा षड्ज लागेपर्यंतची ती ताणलेली शांतताही अनुभवली आहे. पण भिवपुरीत राहणाऱ्या श्रोत्याच्या कानाशी मुंबईच्या प्रत्येक मैफलीत आणखी एक सूर चालू असतो, शेवटच्या कर्जत लोकलचा. गवई विलंबितातून द्रुतात आला की सभागृह डोलू लागते आणि आमचा हात मनगटावरच्या घड्याळाकडे जातो. भैरवी सुरू होताना दारातून वाकून बाहेर पडणारी दोन-चार माणसे दिसली, तर ती अरसिक आहेत असे समजू नका. ती कर्जत किंवा कसाऱ्याची असतात.

तेव्हा आमची भैरवी आम्हाला दुसरीकडे शोधावी लागली, आणि ती सापडली सकाळच्या लोकलमध्ये.

बँकेतल्या नोकरीची चौतीस वर्षे मी या गाडीने प्रवास केला. जाऊन-येऊन चार-साडेचार तास. त्यातली निदान पंचवीस वर्षे मी एकाच डब्यात चढलो, कारण त्या डब्यात भजन होते. मी गात नाही. माझा आवाज कर्जाचे अर्ज फेटाळण्यापुरताच बरा. पण ऐकणारा म्हणून मंडळाने मला जागा दिली, आणि पुढे पुढे मी एखाद्या दिवशी आलो नाही तर चौकशीही होऊ लागली. बुवा होते टपाल खात्यातले. पखवाज मावत नसे म्हणून ढोलकी. ती एका गोदी कामगाराच्या मांडीवर. झांजा तिघांकडे, चिपळ्या एका शाळामास्तरांकडे. ज्याच्याकडे काही नाही तो डब्याचा पत्रा वाजवी, आणि तो पत्रा बरा बोलायचा. खिडकीच्या वर विठोबाची तसबीर टांगायची, तिला कर्जतच्या फुलवालीकडचा हार. दादर आले की तसबीर पिशवीत.

बाहेरच्या माणसाला हा नुसता गोंगाट वाटतो, पण त्याला घाटदार क्रम आहे. नेरळपर्यंत नामाचा गजर, तोही आवाज तापवण्यापुरता. शेलू-वांगणीच्या सुमारास रूपाचे अभंग, म्हणजे विठ्ठलाच्या दर्शनाचे. बदलापूर-अंबरनाथला गर्दी आत घुसते तेव्हा लय आपसूक वाढते. विठ्ठलवाडी स्टेशनात गाडी शिरली की जे काही चालू असेल ते तोडून एक गजर व्हायचा. रेल्वेने स्टेशनाला हे नाव दिले तो आमच्यावर उपकारच म्हणायचा. ठाण्यानंतर गौळण, कारण तिथवर ऑफिसचे विचार डोक्यात शिरू लागतात आणि ते घालवायला कृष्णाची खोडीच लागते. आणि दादरच्या आत भैरवी. अर्धे मंडळ दादरला उतरणार, म्हणून भैरवी शिवपर्यंत सुरू झालीच पाहिजे. घड्याळ न पाहता बुवांना ती वेळ कळत असे. रुळांचा खडखडाट भेदून आवाज पोचवायचा म्हणून सगळे गाणे काळी पाचच्या वर. पट्टी ऐकून एखादा शास्त्रीय गवई दचकला असता.

या मैफलीचा कळस होता पारसिकच्या बोगद्यात. १९१६ साली खुला झालेला हा बोगदा सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब. गाडी आत शिरली की झांजा एकदम दुप्पट वाजत, आवाज भिंतींवरून परत येई आणि पंधरा माणसांचे गाणे दीडशेंचे होई. बुवा अभंगाचा चढता चरण नेमका त्या अंधारासाठी राखून ठेवायचे. २०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि जलद लोकल बोगदा सोडून मुंब्रा-कळव्याच्या बाजूने धावू लागल्या. रेल्वेच्या दृष्टीने ही सोयच झाली, आणि वाढत्या गर्दीत ती हवीही होती. आमच्या मंडळाचा मात्र घुमट गेला. त्याची नोंद कुठल्या प्रकल्प अहवालात असणार?

भजनाविरुद्ध तक्रारी होतात, आणि त्या सगळ्या अरसिकांच्या नसतात. रेल्वे अधिनियम १९८९ च्या १४५ व्या कलमात गाडीत उपद्रव करणाऱ्याला उतरवण्याची आणि शिक्षेची तरतूद आहे. भजन उपद्रवात मोडते काय, यावर डब्याडब्यात वाद झडले आहेत. माझे मत असे की गाण्याचा उपद्रव सांगून कमी होतो, जागा अडवण्याचा होत नाही. ‘इथे आमचा माणूस बसतो’ म्हणून रुमाल टाकणारी मंडळे मी पाहिली आहेत. तो रुमाल विठ्ठलाच्या नावावर टाकू नये. खिशातला स्पीकर लावून त्यावर साथ धरणाऱ्यांशीही माझे जमत नाही. बाकी, मागितलेली शांतता द्यावी. एकदा संध्याकाळच्या गाडीत रुग्णालयात दोन पाळ्या ओळीने केलेला एक तरुण म्हणाला, “बुवा, आज डोकं फुटतंय.” बुवांनी झांजा गुंडाळायला सांगितल्या आणि नुसत्या चिपळ्यांवर एक संथ अभंग घेतला, जवळजवळ कुजबुजत. पोरगा खांबाला टेकून झोपला. बदलापूरला त्याला आम्हीच उठवले. त्या दिवसाचे गाणे मला अनेक मैफलींपेक्षा स्पष्ट आठवते.

खरा धोका तक्रारीचा नाही. २०२० च्या मार्चअखेर लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली, आणि लस घेतलेल्यांना तिची दारे उघडली ती १५ ऑगस्ट २०२१ ला. मधल्या काळात आमच्या बुवांची नोकरी संपली, ढोलकीवाले गावी गेले, दोघे-तिघे घरूनच काम करू लागले. उरलेले पुन्हा जमले तेव्हा बसायला जागा नव्हती. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या दोन लोकलमधून माणसे खाली पडली आणि जिवाला मुकली. दाराशी अशी लटकलेली माणसे असताना आत गोल करून बसणे कोणाच्याही मनाला पटणार नाही. आणि उभ्या माणसाच्या कानांत हल्ली वायरी असतात. शेजाऱ्याने दिलेला ठेका त्याला ऐकूच येत नाही, मग तो उचलणार कसा?

तरीही मंडळ आहे. पाच-सहा जण, उभ्याने. मी निवृत्तीनंतरही महिन्यातून एक-दोनदा काही काम नसताना सकाळची लोकल पकडतो. परतीचे तिकीट काढतो ते मैफलीचे तिकीट समजून. नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेतल्या खुर्चीपेक्षा ते स्वस्तच पडते. गाणाऱ्यांना ओळखीचा एक कान समोर दिसला की फरक पडतो, हे मी डोळ्यांनी पाहतो. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढवण्यासाठी कर्जतला मागून इंजिने जोडतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. त्या अर्थाने मी अजून नोकरीत आहे.

गाडीतले भजन येते मुळात गावातून. भाद्रपदात गणपतीच्या दिवसांत मंडळ घरोघर जाते. एका रात्रीत तीन घरे, प्रत्येक घरी चहा, आणि तिसऱ्या घरी उसळ-पाव खाता खाता चालींवर वाद. कार्तिकात पहाटेचा काकडा. पुढे माघ-चैत्रात कुठल्या ना कुठल्या गावी सप्ताह असतोच. लग्नसराईत आगरी घरांत अजूनही धवलारीण धवले गाते, आणि मांडवाबाहेर बँजो पार्टी तिची वाट पाहत थांबते. ही पेटी, म्हणजे हार्मोनियम, १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर बंद होती. शास्त्रकारांना तिचे सूर पटत नव्हते. आमच्या देवळांतून मात्र ती एक दिवसही बाहेर गेली नाही.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले, आणि रात्री दहानंतरचा लाऊडस्पीकर बंद झाला. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातल्या पहाटेपर्यंतच्या मैफली त्यात गेल्या, याचे दुःख मला आहे. पण गावापुरते बोलायचे तर नियमाने भजनाचे भलेच केले. कर्ण्याच्या आधाराने बेसूर गाणाऱ्यांची सोय गेली. छातीचे ठोके चुकवणाऱ्या डीजेच्या भिंतींना हाच नियम तितक्या काटेकोरपणे लावला, तर अधिक बरे होईल.

आणि एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. आमच्याकडे आता एकादशीच्या दुपारी बायकांचे मंडळ बसते. पेटी एक अंगणवाडी सेविका वाजवते. सुरुवातीला पुरुषमंडळी दारातून ऐकून हसली, आता चालींसाठी त्यांच्याकडेच येतात. साथीला आळंदीला वारकरी शिक्षण घेऊन आलेला एक विशीतला मुलगा पखवाज धरतो. त्याच्या हातात वजन आहे. मुंबईला नोकरी लागली तर तो सकाळच्या लोकलने जाईल की तिथेच खोली घेऊन राहील, याची काळजी गावातल्या आम्हां ऐकणाऱ्यांना त्याच्या आईइतकीच आहे.

म्हणून शनिवार-रविवारी इकडे येणाऱ्या कुटुंबांना एक सुचवावेसे वाटते. तुमच्या फार्महाऊसच्या कुंपणापासून पाच मिनिटांवर एखादे देऊळ असते. तिथून आवाज आला की खिडकी लावून घेऊ नका; मुलांना घेऊन जा. आमंत्रण लागत नाही. वर्गणी विचारली तर द्या, नाही विचारली तर आरतीच्या ताटात ठेवा. कोजागिरी ते कार्तिकी पौर्णिमा काकडा असतो, सुरुवात पाचच्या आसपास, थंडी असते म्हणून शाल असू द्या. पुढे बसू नका, ती जागा झांजवाल्यांची. पखवाजाच्या डाव्या अंगाला बसा. त्या पुडीला ओली कणीक लावलेली असते, त्यामुळे तिचा आवाज जमिनीतून आल्यासारखा पोटात उतरतो, आणि कुठल्याही यंत्रावर तो तसा ऐकू येत नाही. मुले कणकेकडे बघत बसतात. काकडा संपला की पखवाजवाला ती खरवडून काढतो आणि बाहेर बांधलेल्या गाईला घालतो. त्याने विचारले तर मुलांच्या हातात द्या.