‘वृत्तपत्रीय’ नावाचा शेरा

मराठी समीक्षेत ‘वृत्तपत्रीय’ हे विशेषण वर्णनासाठी क्वचितच वापरले जाते. तो निकाल असतो. एखादी कादंबरी ‘वृत्तपत्रीय पातळीवर उतरली’ असे म्हटले की तिच्या संहितेकडे पाहण्याची जबाबदारी संपते. या शेऱ्यामागचे गृहीतक असे की, बातमी तात्कालिक आणि कलाकृती कालातीत. मराठी गद्याच्या इतिहासात या गृहीतकाला आधार सापडत नाही. १८३२ च्या ‘दर्पण’पासून, १८७४ च्या ‘निबंधमाले’पासून हे गद्य नियतकालिकांतच घडले. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. आठवड्याच्या मुदतीने तिला काही इजा झाल्याचे दिसत नाही.

तात्कालिकता म्हणजे काय, हे राधानगरीत पाहावे. भोगावतीवरील धरण भरले की कोल्हापूरच्या दैनिकांत ठरलेली बातमी येते : सातपैकी किती स्वयंचलित दरवाजे उघडले, राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा किती फुटांवर आहे. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. हे गद्य साचेबंद आहे, हे कबूल. परंतु २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदीकाठच्या माणसाला गोठ्यातली जनावरे केव्हा सोडायची, हे त्यावरूनच ठरवावे लागले. हा वाचक संहितेला पहिला प्रश्न विचारतो तो ‘हे खरे आहे काय?’ असा. कलाकृतीच्या स्वायत्ततेचा हवाला देऊन समीक्षेने नेमका हाच प्रश्न सोडून दिला आहे.

त्याची किंमत वृत्तलेखनाला मोजावी लागते. अनिल अवचटांच्या ‘पूर्णिया’ (१९६९) आणि ‘माणसं’ (१९८०) या पुस्तकांचा गौरव बहुधा ‘संवेदनशीलता’, ‘कळकळ’ अशा शब्दांत होतो. हे लेखकाच्या स्वभावाचे प्रशस्तिपत्र झाले, समीक्षा नव्हे. निवेदक तेथे किती काळ होता, कोणाचे म्हणणे गाळले गेले, बिहारी माणसाचे बोलणे मराठीत येताना त्याचे काय झाले, हे प्रश्न रचनेचे आहेत तसेच सत्याचेही. ते फारसे विचारले गेलेले नाहीत.

पोलंडमध्ये याच्या उलट घडले. (कोल्हापूरला हा देश अगदीच परका नाही, १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते.) तेथे रिपोर्ताज हा प्रतिष्ठित वाङ्मयप्रकार आहे. रिशार्ड कापुश्चिन्स्की यांच्या हैले सेलासीच्या दरबारावरील पुस्तकात (१९७८) निनावी दरबारी बोलतात. पोलिश वाचकांनी त्यात आपल्याच राजवटीचे रूपक पाहिले. २०१० मध्ये आर्तुर दोमोस्वाव्स्की यांनी लिहिलेल्या चरित्रात कापुश्चिन्स्कींच्या लेखनातील वास्तव आणि कल्पित यांच्या सरमिसळीचा प्रश्न उपस्थित झाला आणि कडवट वाद पेटला. तो पेटू शकला, कारण ते लेखन साहित्य म्हणूनही वाचले जात होते आणि वृत्त म्हणूनही.

मराठीत त्या वादाला जागाच ठेवलेली नाही. ‘ललित गद्य’ या सोयीस्कर कोठारात रिपोर्ताज, लघुनिबंध, व्यक्तिचित्र सारे एकत्र भरून ठेवायचे आणि वरून शैलीविशेषांची यादी डकवायची, ही विद्यापीठीय रीत. अवचटांवर प्रबंध लिहिणाऱ्याने एकदा पूर्णियाला जाऊन यावे, अशी अपेक्षा आजवर किती मार्गदर्शकांनी ठेवली?