वनविद्येची वाट

मुलाचे शिक्षण आटोपले की त्यास नागपूरच्या एखाद्या कारखान्यात चिकटवून द्यावे, असे पांढुर्णा-सौंसरकडील पुष्कळ पालकांस वाटते. घरच्या संत्र्याच्या बागेत तिघा भावांचे भागत नाही, हे आम्हीही जाणतो. परंतु जंगलाकडे केवळ सरपणाची जागा म्हणून पाहावे, हे आम्हांस पटत नाही.

मध्य प्रदेश राज्य वन विकास निगम १९७५ मध्ये स्थापन झाले. भोपाळची भारतीय वन प्रबंध संस्था १९८२ ची. छिंदवाड्यासही १९९५ पासून वनसंशोधनाचे केंद्र आहे. म्हणजे ही विद्या आपल्या दाराशीच आहे.

भारतीय वन सेवेसाठी मात्र विज्ञान, शेतकी, वनविद्या, पशुवैद्यक वा इंजिनिअरिंग यांपैकी पदवी लागते. तेव्हा खरा निर्णय अकरावीचे विषय निवडतानाच होतो. मुख्य परीक्षेची उत्तरे इंग्रजीत लिहावी लागतात. तो सराव शाळेतच सुरू व्हावा. शेवटी चार तासांत पुरुषांस २५ व स्त्रियांस १४ किलोमीटर चालून दाखवावे लागते. रानातून रोज पायपीट करणाऱ्या आमच्या मुलींना त्याचे भय ते काय?

नोकरीच हवी असेही नाही. २०१७ मध्ये वन कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला व शेतातील बांबूच्या तोडीची आणि वाहतुकीची मोठी अडचण दूर झाली. बांधावरचे बेटही संसारास हातभार लावील.

पालकहो, दहावीचा निकाल लागण्यापूर्वीच मुलामुलींस जवळ बसवून हे सारे बोला. मागाहून केलेली हळहळ व्यर्थ होय.