विश्लेषण : अभ्यासाच्या धावपळीत अँटिऑक्सिडंट गोळीत शोधायचे की बाजारात?

गोंदिया : आमगाव, सालेकसाहून सकाळच्या रेल्वेने, देवरीहून एसटीने मुले गोंदियात शिकायला येतात. अनेकांचा दिवस रिकाम्या पोटी घेतलेल्या चहावर सुरू होतो. कॉलेज आणि क्लासच्या मधल्या वेळेत आलुबोंडा किंवा समोसा, रात्री घरी किंवा खोलीवर भात. फळ, कच्ची भाजी दिवसभरात ताटात येतच नाही. मग मोबाइलवर ‘अँटिऑक्सिडंट’ गोळीची जाहिरात दिसते आणि खर्चाच्या पैशांतून डबी मागवली जाते. तिची गरज आहे का?

अँटिऑक्सिडंट म्हणजे नेमके काय?

पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात. त्यात काही अस्थिर रेणूही तयार होतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. त्यांच्याकडे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असतो, म्हणून ते शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि तो रेणू बिघडतो. अँटिऑक्सिडंट स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन ही साखळी तोडतात. काही अँटिऑक्सिडंट शरीर स्वतः बनवते. सी आणि ई जीवनसत्त्व मात्र अन्नातूनच घ्यावे लागते. सगळेच फ्री रॅडिकल शत्रू नसतात. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी त्यांचाच वापर करतात. म्हणून त्यांचा नायनाट नव्हे, तोल महत्त्वाचा.

विद्यार्थ्यांचा याच्याशी काय संबंध?

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के, पण तो सुमारे 20 टक्के ऑक्सिजन वापरतो. त्यामुळे तिथे हा तोल सांभाळणे गरजेचे असते. मात्र अँटिऑक्सिडंटने गुण वाढतात, असे म्हणता येणार नाही. जागरणाची भरपाईही त्यांनी होत नाही.

रोजच्या जगण्यात जाणवणारा फायदा वेगळाच आहे. डाळी आणि पालेभाज्यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास सी जीवनसत्त्व मदत करते, तर जेवणासोबतचा चहा त्यात अडथळा आणतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. वर्गात थकलेली, चक्कर येणारी मुलगी ‘अभ्यासाचा ताण’ म्हणून दुर्लक्षित राहू नये. तिची हिमोग्लोबिन तपासणी आधी व्हावी.

भाताच्या जिल्ह्यात काय निसटते?

गोंदिया राइस मिलचे शहर. तांदूळ पांढराशुभ्र करताना वरचा कोंडा निघून जातो आणि त्याबरोबर ई जीवनसत्त्व व ओरिझॅनॉलसारखी अँटिऑक्सिडंटही जातात. त्याच कोंड्याचे तेल पुढे आरोग्यदायी म्हणून विकले जाते. शक्य असेल तिथे कमी पॉलिशचा तांदूळ घ्यावा. ते जमत नसेल तर भातासोबत भाजी वाढवावी.

मग गोळी घेतली तर बिघडले कुठे?

फिनलंडमध्ये 29 हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. गाजरातील बीटा कॅरोटीन खाणे वेगळे आणि त्याचा मोठा डोस गोळीतून रोज घेणे वेगळे. डॉक्टरांनी कमतरता पाहून लिहून दिलेले औषध जरूर घ्यावे, जाहिरात पाहून मागवलेले नको.

खिशाला परवडेल असे काय खावे?

हिवाळ्यात आवळा, पेरू, बोरे. एक मध्यम पेरू दिवसभराची सी जीवनसत्त्वाची गरज भागवतो. शरद ऋतूत सीताफळ, पावसाच्या तोंडावर जांभूळ. जांभळाचा जांभळा रंग हेच अँथोसायनिन नावाचे अँटिऑक्सिडंट. जवसाची चटणी खोलीवर बरेच दिवस टिकते. वरणावर लिंबू पिळावे, ताटात टोमॅटो आणि सांबार (कोथिंबीर) असावा. शिजवताना सी जीवनसत्त्व बरेच नष्ट होते, म्हणून एखादी गोष्ट कच्ची खावी. चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा.

जबाबदारी फक्त मुलांची?

नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मीही चहा-बिस्किटांवर सकाळी काढल्या, कारण मेसचा नाश्ता आठनंतर आणि पहिला तास त्याआधी असे. माहिती होती, सोय नव्हती. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळे-भाज्या खायला सांगते. वसतिगृहाच्या आणि मेसच्या ताटात रोज लिंबाची फोड आणि हंगामातले एक फळ आले, कॉलेजच्या कँटीनमध्ये समोशाशेजारी पेरू ठेवला, तर हे अंतर बरेच कमी होईल. गावाकडून येणाऱ्या डब्यातही चार आवळे सहज मावतात.