अँकरचा धडा

मोठ्या भांडवलाच्या छत्राखाली लहान धंदा सुरक्षित राहतो, ही समजूत किती भाबडी आहे हे सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर बिअर कारखान्याने दाखवून दिले आहे. १८९६ सालचा हा कारखाना १९६५ मध्ये डबघाईस आला असता फ्रिट्झ मेटॅग या तरुणाने त्याचा मोठा हिस्सा घेतला, आंबट होणारी बिअर सुधारली आणि १९७१ पासून ‘अँकर स्टीम’ बाटलीत भरली. बर्फावाचून उबेत आंबविण्याची ही जुनी कॅलिफोर्नियन रीत होय. १९७५ मध्ये कॅस्केड हॉप्सच्या सुगंधाची ‘लिबर्टी एल’ आली. अमेरिकेतील असंख्य छोट्या कारखानदारांनी येथूनच स्फूर्ती घेतली. परंतु २०१७ मध्ये जपानच्या सापोरोने तो विकत घेतला आणि २०२३ मध्ये बंद केला. २०२४ मध्ये त्याला नवा धनी लाभला, हा केवळ दैवयोग!

हे वृत्त दूरदेशीचे असले तरी गोव्याला परके नाही. काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन नावाचे रक्षण करते, भट्टीतला विस्तव राखत नाही. तो राखायचा तर डोंगरावरच्या भट्टीवाल्याला रास्त भाव मिळालाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.