हात काळे करा!

आमच्या इमारतीच्या नोटीस बोर्डावर गेल्या एप्रिलात एक नोटीस लागली. ‘पार्किंगच्या जागेत कोणत्याही सभासदाने औद्योगिक स्वरूपाचे काम करू नये. – सचिव.’ वाचणाऱ्याला वाटावं, पार्किंगमध्ये कुणीतरी पोलादाची भट्टीच पेटवली. प्रत्यक्षात घडलं होतं ते एवढंच, की एका रविवारी सकाळी मी एका लोखंडी तुकड्याला चार भोकं पाडली होती. त्यातली दोन योग्य जागी पडली होती, हेही प्रामाणिकपणे सांगून टाकतो.

आम्ही नागपूरच्या रामदासपेठेत राहतो. ही पेठ डॉक्टरांची. माणसाच्या देहातला असा एकही अवयव नसेल, ज्याचा तज्ज्ञ आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर नाही. हृदय, किडनी, कान, गुडघा, काय म्हणाल ते. पण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या कूलरच्या स्टँडचा एक पाय गुडघ्यातून गंजून मोडला, तेव्हा त्याला बघायला अख्ख्या पेठेत एक माणूस मिळेना. ज्याला फोन करावा तो म्हणे, “साहेब, सीझन आहे. पंधरा दिवसांनी येतो.” नागपुरात पंधरा दिवस कूलरवाचून राहणं म्हणजे काय, हे पुण्यातल्या वाचकांना समजावून सांगण्यात अर्थ नाही. पारा पंचेचाळीसकडे निघाला की इथे माणूस देवाच्या आधी कूलरला पाणी घालतो.

तेव्हा मी ठरवलं, की हा पाय आपणच बसवायचा. इतवारीच्या लोहाओळीतून पंचवीस मिलिमीटरचा अँगल आणला, आणि पार्किंगमध्ये ठाण मांडलं. अर्ध्या तासात सचिव खाली आले. माझ्या हातांकडे बघत म्हणाले, “अहो, तुम्ही बँकेत आहात ना? मग हे काहून करून राहिले?”

मंडळी, माझं भांडण नोटिशीशी नाही. आवाजाचा त्रास होतो म्हणाले असते, तर मी मुकाट्याने वेळ बदलली असती. माझं भांडण या ‘काहून’शी आहे. मोडलेली वस्तू दुरुस्त करणं हे सुशिक्षित माणसाला शोभत नाही, असं आपल्या वर्गाने कधीतरी ठरवून टाकलंय, आणि या ठरावाला सूचक-अनुमोदक कोण होते ते इतिवृत्तात सापडत नाही.

आता गंमत बघा. माझे वडील मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. नॅरो गेजच्या गाड्यांवर त्यांची हयात गेली. त्यातली काही जुनी इंजिनं आज तिथल्याच संग्रहालयात उभी आहेत. ते संग्रहालय २००२ साली उघडलं. बाबा संध्याकाळी घरी आले, की आधी मूठभर रॉकेल हाताला चोळायचे, मग साबण. तरी नखांतलं काळं जायचं नाही. मला त्यांनी कॉमर्सला घातलं, ते एकाच कारणासाठी : पोराच्या हाताला काळं लागू नये. मी बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, आणि गेली वीस वर्षं स्वच्छ हातांनी काम करतोय. एवढ्या काळात काळ्या हातांची माणसं मी काउंटरपलीकडे बरीच पाहिली. त्यांची नखं मात्र अगदी चकाचक होती.

तर माझा पहिला आरोप आमच्या वर्गावर. स्क्रू आवळायला आम्ही माणूस बोलावतो, त्याची दोन तास वाट बघतो, त्याने तो दोन मिनिटांत आवळला की “एवढ्याशा कामाचे शंभर रुपये?” म्हणून त्याच्याशी भांडतो. काम आम्हाला येत नाही, पण त्याची किंमत मात्र आम्हाला पाठ!

दुसरा आरोप हौशी मंडळींवर, आणि त्यात आरोपी नंबर एक मी स्वतः. हौस आली की आपण हत्यारांऐवजी आधी पेटी विकत घेतो. मीही घेतली. एकशे आठ नगांची, घरपोच, चकचकीत. जपमाळेत मणी एकशे आठ असतात, आणि या पेटीचा उपयोगही जप करण्यापुरताच. पहिल्याच गंजलेल्या नटाला पाना लावला, तर नट जागचा हलला नाही, पान्यानेच तोंड वासलं. बाबा खाटेवरून बघत होते. म्हणाले, “एकशे आठ घेतले, त्यापेक्षा आठ चांगले घेतले असते.”

त्या आठांची यादी त्यांनीच सांगितली. मी फुकट देतो, लिहून घ्या. एक शेगडा, म्हणजे ज्याला व्हाइस म्हणतात तो, चार इंची जबड्याचा. एक हॅकसॉ. एक चपटी आणि एक अर्धगोल अशा दोन कानशी. एक हातोडी. एक सेंटर पंच. एक गुण्या. आणि एक ड्रिल मशीन. यात आधी शेगडा घ्या. तो टेबलावर इतका उंच बसवा, की ताठ उभं राहिल्यावर त्याचा जबडा तुमच्या कोपराशी यावा. मी तो जमिनीवर ठेवून वापरत होतो. त्यामुळे त्या रविवारी लोखंड सरळ कापलं गेलं नाहीच, वर मीही दोन दिवस सरळ होऊ शकलो नाही.

हॅकसॉच्या पात्याचे दात पुढच्या दिशेला हवेत, मुठीपासून दूर. मी पातं उलटं लावून वीस मिनिटं घासत होतो आणि लोखंड किती कडक म्हणून दुकानदाराला शिव्या घालत होतो. नाचता येईना, अंगण वाकडं! शिवाय पात्याला इंचामागे दात किती, हेही बघावं लागतं. कापायच्या जाडीवर एका वेळी निदान दोन-तीन दात टेकले पाहिजेत. तीन मिलिमीटरच्या अँगलला चोवीस दातांचं पातं चालतं, कूलरच्या पत्र्याला बत्तीसचं. आणि पत्रा फारच पातळ असेल, तर तो प्लायवूडच्या दोन तुकड्यांमध्ये दाबून लाकडासकट कापावा, म्हणजे फाटत नाही.

कानशीचं तर मला फार कौतुक वाटलं. इंग्रजीत कानशीलाही फाइल म्हणतात आणि बँकेतल्या फायलीलाही फाइल. फरक इतकाच, की कानस पुढे ढकलली की काम होतं, बँकेतली फाइल पुढे ढकलली की काम टळतं. कानशीचे दात फक्त पुढे जाताना कापतात. म्हणून जोर पुढे जाताना द्यायचा, मागे येताना हात हलका ठेवायचा. आणि मुठीवाचून कानस कधी वापरायची नाही. तिचं मागचं टोक तळहातात घुसलं, तर रामदासपेठेत राहण्याचा खरा फायदा कळतो.

भोक पाडण्याआधी पंचाने खूण ठोकायची, नाहीतर ड्रिलचं टोक घसरत घसरत शेजारच्या गावी जातं. माझी दोन भोकं तशीच गेली. लोखंडाला वेग कमी लागतो; सहा मिलिमीटरच्या बिटाला मिनिटाला साधारण तेराशे फेरे पुष्कळ झाले. बिट जितकं जाड, तितका वेग कमी. वर तेलाचे दोन थेंब. तुकडा हातात धरून ड्रिल चालवायचं नाही, शेगड्यात धरायचा. बिट अडकलं की पत्रा पंख्यासारखा फिरतो. डोळ्यांवर चष्मा हवा, पण हातात मोजे नकोत, फिरतं बिट मोज्यासकट बोट ओढून घेतं. आणि कूलरला हात लावण्याआधी नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसून काढायचा. पाणी, पत्रा आणि वीज एकत्र आली, की दुरुस्ती कूलरची राहत नाही. पंपाचं वायरिंग आणि अर्थिंग यांना मी हात लावत नाही, त्याला जाणकारच बोलावतो. आपल्याला काय येत नाही, हे कळणं हासुद्धा कारागिरीचाच भाग आहे.

आता कुणी म्हणेल, ही थेरं नवीन आहेत. मुळीच नाहीत. आमच्यापासून पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि मुलांना हस्तोद्योगातून शिकवा असं सांगितलं. त्या नई तालीमचं पुढे आपण काय केलं? शाळेत ‘कार्यानुभव’ नावाचा तास ठेवला. वस्तू आदल्या रात्री आई करते, अनुभव बाबांना येतो आणि गुण मुलाला मिळतात. आमच्या चिरंजिवांना या विषयात ‘अ’ श्रेणी आहे. परवा त्यांना पक्कड आण म्हटलं, तर त्यांनी स्वयंपाकघरातून सांडशी आणली.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असं आढळलं, तेव्हा ते यंत्रांच्या चित्रांकडे वळले, व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. नंतर बेळगावात सायकली विकल्या, लोखंडी नांगर केले, आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना काढला. लोखंडी नांगराने जमीन विषारी होईल, असं शेतकऱ्यांना वाटत होतं. तो गैरसमज नांगराने कधीच मोडून काढला. लोखंडाने हात विषारी होतात हा आमचा गैरसमज मात्र अजून शाबूत आहे.

एक आक्षेप मात्र मला विचारात पाडून गेला. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, “सगळेच घरी करू लागले, तर गरीब कारागिराने खायचं काय?” प्रश्न चांगला आहे. पण माझा अनुभव ऐका. त्या रविवारी अर्धा तास कानस मारल्यावर माझे दंड असे भरून आले, की सोमवारी नोटा मोजताना हात थरथरत होता. ग्राहकाला वाटलं, रोकड कमी आली. त्याच आठवड्यात गेटची कडी वेल्डिंगला न्यावी लागली. वेल्डरने दीडशे रुपये सांगितले. गेली वीस वर्षं मी सवयीने “शंभर घे” म्हणत आलो होतो. या वेळी शब्दच फुटला नाही. दीडशे दिले आणि “फार सुंदर सांधा मारलास भाऊ” असं म्हणालो. तो माझ्याकडे बघतच राहिला. असं वाक्य त्याने सुशिक्षित माणसाच्या तोंडून पूर्वी ऐकलं नसावं. कारागिराच्या पोटावर पाय देतो तो घासाघीस करणारा. ज्याने स्वतः एकदा तरी लोखंड घासलंय, तो घासाघीस करत नाही.

तर कूलरचा पाय बसला. चुकलेली दोन भोकं पुन्हा पाडली. तुकडा थोडा चाळणीसारखा दिसतो, पण धरून आहे. काम झाल्यावर बाबांना खाली आणलं. पंचाहत्तरीच्या माणसाने भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “भोक बराबर आहे. कड काहून नाही मारली? पोरगं हात लावीन तर कापन ना.” मी कड मारली. मग ते माझ्या हातांकडे बघत राहिले. ज्या काळेपणापासून मला वाचवायला त्यांनी आयुष्यभर ओव्हरटाइम केला, तोच माझ्या नखांत भरला होता. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, “घरात रॉकेल आहे का रे?”

रॉकेल आता कुठून असणार! मी गोडेतेल आणि साखर घेऊन हात चोळले. बरंचसं निघालं. उरलेलं ठेवून दिलं.

नोटीस अजून बोर्डावर आहे. मी सचिवांना रीतसर लेखी अर्ज दिला आहे, की ज्या बोर्डावर आपली नोटीस लावली आहे, त्याचे चारपैकी तीन स्क्रू निखळले असून तो एकाच स्क्रूवर लोंबकळत आहे, आणि खाली मुलं खेळतात. सबब तीन स्क्रू आवळण्याचे औद्योगिक स्वरूपाचे काम करण्याची परवानगी मिळावी. अर्ज पुढच्या सभेत ठेवतो म्हणाले.

फाइल पुढे ढकलली आहे.