टूसॉनला आरव्ही न्यायची तर थंडीत न्या

मे महिना आला की अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये भारतातून आई-बाबा येतात, पाठोपाठ मुलांच्या शाळा संपतात आणि बेत ठरू लागतात. आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घ्यायची, सगळ्यांनी एकत्र राहायचं आणि ॲरिझोनाचं वाळवंट बघायचं, हा त्यातला एक आवडता बेत. तो जरूर करा. मात्र जून, जुलै, ऑगस्टमध्ये तिथल्या टूसॉन शहराकडे आरव्ही नेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

टूसॉनमध्ये जूनचं दुपारचं सरासरी तापमान 100 अंश फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअसच्या आसपास असतं. जून 1990 मध्ये ते 117 फॅरनहाइटपर्यंत गेलं होतं. चंद्रपूर-नागपूरची मंडळी म्हणतील, एवढं ऊन आम्ही दर वर्षी बघतो. खरं आहे. पण तिकडे दुपारी तुम्ही जाड भिंतींच्या घरात, कूलरसमोर असता. आरव्हीची भिंत जेमतेम दोन इंचांची असते. तिच्या छतावरचा एसी हवा साधारण 15 ते 20 अंश फॅरनहाइटने थंड करतो. बाहेर 108 असेल तर आत 90 च्या खाली येणं कठीण. उभ्या गाडीत तो एसी चालायला कॅम्पग्राउंडची वीज किंवा जनरेटर लागतो. त्यातलं काहीही बंद पडलं की तासाभरात आत बसवत नाही.

ज्येष्ठांच्या बाबतीत हा प्रश्न थेट तब्येतीचा आहे. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, लगेच उडून जातो. त्यामुळे शरीरातलं पाणी किती कमी झालं ते कळत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. आई-बाबांचं तिकीट अजून काढलेलं नसेल तर त्यांना दिवाळीनंतर बोलवा. ते उन्हाळ्यात येणारच असतील तर त्यांना फ्लॅगस्टाफकडे न्या. ते 7,000 फूट उंचीवर आहे, हवा सुखाची असते आणि ग्रँड कॅन्यनही तिथून जवळ आहे.

नोव्हेंबर ते मार्च हे टूसॉनचे खरे दिवस. जानेवारीत दुपारी 65 अंशांच्या आसपास आणि रात्री 40 पर्यंत. एखाद्या रात्री पाणी गोठतं, म्हणून नळाला जोडलेली पाण्याची नळी झोपण्यापूर्वी काढून ठेवा. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत शहरात रत्नं आणि खनिजांची मोठी प्रदर्शनं भरतात. त्या दिवसांत आरव्ही पार्क भरलेले असतात. त्या तारखा टाळा किंवा जागा फार आधी धरा.

मुक्काम कुठे करायचा? सग्वारो नॅशनल पार्कमध्ये आरव्हीसाठी कॅम्पग्राउंड नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. उत्तरेला कॅटलिना स्टेट पार्क आहे, तिथे वीज आणि पाणी जागेवर मिळतं. पश्चिमेला गिल्बर्ट रे कॅम्पग्राउंड आहे, भोवती सगळीकडे सग्वारो निवडुंग. आजी-आजोबांना सकाळी कॅम्पग्राउंडमधल्या रस्त्यावर चालता चालता ते बघता येतात. फांदी फुटायला कित्येकदा 50 ते 75 वर्षं घेणारी ही झाडं म्हणजे आपल्या आजोबांच्या वयाची, हे नातवंडांना तिथेच सांगा.

गाडीची लांबी-रुंदी मात्र कागदावर लिहून ठेवा. गिल्बर्ट रेला शहरातून जाताना फोनचा नकाशा तुम्हाला गेट्स पासवरून नेऊ शकतो. तो घाट अरुंद आणि वळणांचा आहे, मोठ्या गाड्यांसाठी नाही. तुम्ही अजो वेवरून किनी रोडने जा. नॅशनल पार्कच्या पूर्व भागातल्या कॅक्टस फॉरेस्ट ड्राइव्हवर 8 फुटांपेक्षा रुंद वाहनांना बंदी आहे, आणि भाड्याच्या मोठ्या आरव्ही बहुधा त्याहून रुंद असतात. म्हणून माझं स्पष्ट मत असं की आरव्ही कॅम्पग्राउंडवरच उभी ठेवावी आणि फिरायला एक छोटी गाडी भाड्याने घ्यावी. खर्च वाढतो, पण रोज सकाळी वीज-पाणी सोडून, भांडी बांधून अख्खं घर हलवायचं टळतं.

गाडी ताब्यात घेताना सीटबेल्ट मोजा. झोपायची सोय सहा जणांची असली तरी बेल्टही सहा असतीलच असं नाही. टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा.

आता स्वयंपाक. बंद आरव्हीत मिरचीची फोडणी दिली की सगळे खोकतात आणि धुराचा अलार्म वाजतो. कॅम्पग्राउंडवर प्रत्येक जागेजवळ बहुधा टेबल असतं, तिथे शेगडी मांडून बाहेरच फोडणी द्या. सांडपाण्याची टाकी लहान असते. गिल्बर्ट रेला जागेवर सांडपाण्याची जोडणी नाही, टाकी डंप स्टेशनवर नेऊन रिकामी करावी लागते. म्हणून ताटं आधी कागदाने पुसा, मग धुवा. आमटीचं तेल आणि भाताची शितं टाकीत गेली की वास सुटतो आणि तो लवकर जात नाही. रिकामं करताना आधी संडासाची टाकी, मग सांडपाण्याची. म्हणजे नळी आपोआप धुतली जाते.

पाऊस पडला तर कोरडे दिसणारे ओढे, ज्यांना तिथे वॉश म्हणतात, काही मिनिटांत भरून वाहतात. रस्त्यावर अडथळा लावलेला असेल तर गाडी पुढे घालू नका. तो ओलांडून अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करता येतो, असा ॲरिझोनाचा कायदाच आहे. फिनिक्स ते टूसॉनच्या रस्त्यावर धुळीचं वादळ आलं तर रस्ता सोडून जमेल तेवढं बाजूला थांबा, सगळे दिवे बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. तुमचे मागचे दिवे दिसले तर मागचा माणूस तोच रस्ता समजून तुमच्यावर येतो.

टूसॉनच्या दक्षिणेला ट्युबॅक, नोगालेसकडे गेलात तर परतताना आय-19 वर बॉर्डर पेट्रोलची चौकी लागते. आई-बाबांचे पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद घरी ठेवू नका, सोबत घ्या.